न घेतलेल्या विजेचे माप

दाभोळचा वीजप्रकल्प महाराष्ट्राच्या लक्षात राहिला तो त्याच्या दरामुळे. पण वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांचे संबंध तुटत आले, तेव्हाचा एक मोठा दावा दराचा नव्हता, वेळेचा होता. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने कंपनीकडे वीज मागितली. थंड पडलेले केंद्र तीन तासांत पूर्ण भारावर यायला हवे, असे करारात होते आणि ते तसे आले नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. उपलब्धतेची चुकीची घोषणा केल्याबद्दल मंडळाने सुमारे ४०० कोटी रुपयांचा दंड लावला. कंपनीने तो अमान्य केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने करारच रद्द ठरवला. त्या भांडणात कोणाची बाजू खरी, हा इथला विषय नाही. गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर पहिल्या टप्प्यातली ७४० मेगावॅटची यंत्रे डोळ्यांसमोर उभी होती, तरीही क्षमता होती की नव्हती यावर वाद झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. करारातली क्षमता म्हणजे यंत्रे नव्हती; ठरल्या वेळेत हाती येणारे मेगावॅट होते. उभ्या यंत्राच्या बाबतीत इतका घोळ होऊ शकतो, तर जी वीज कोणी तयारच केली नाही, फक्त घ्यायची टाळली, तिची क्षमता कागदावर किती काळजीने लिहावी लागेल, याचा विचार आता करायला हवा.

‘आता’ म्हणायला कारण आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये मागणीच्या लवचीकतेसाठी विनियम काढले. ग्राहकाने ऐन गर्दीच्या वेळी वीज कमी घ्यायची आणि त्याचा मोबदला मिळवायचा, हा व्यवहार, ज्याला सगळीकडे ‘डिमांड रिस्पॉन्स’ म्हणतात, त्या विनियमांमुळे वितरण कंपन्यांच्या नियोजनाचा भाग होऊ घातला आहे. ग्राहकाने वीज कमी घेणे महाराष्ट्राला नवीन नाही. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतले कारखाने रविवारऐवजी गुरुवारी बंद असतात, ते विजेची गर्दी आठवडाभर विभागण्यासाठी; पुढे ती सुट्टी त्या भागाच्या अंगवळणीच पडली. भारनियमनाची सक्ती तर आपण वर्षानुवर्षे सोसली. २००६ मध्ये पुण्याने त्यातून वेगळी वाट काढली. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने कारखान्यांनी गर्दीच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवले, शहराची सुमारे ९० मेगावॅटची तूट भरून काढली आणि त्याचा जादा खर्च आयोगाच्या मान्यतेने शहरातल्या ग्राहकांच्या बिलात ‘रिलायबिलिटी चार्ज’ म्हणून आला. भारनियमनात वितरण कंपनी वीज तोडते, तिला कोणाला काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. पैसे देऊन वीज कमी घ्यायला सांगितले की मात्र ‘किती कमी?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर करारातल्या एका शब्दावर ठरते. या करारांत क्षमता म्हणजे ‘इतके किलोवॅट कमी करीन’ हे वचन नसावे. ‘बोलावणे आल्यावर इतक्या किलोवॅटच्या वर जाणार नाही’ हे वचन असावे, असे माझे मत आहे. वरवर एकाच अर्थाची वाटणारी ही दोन वाक्ये व्यवहारात फार वेगळी वागतात.

मीटर घेतलेली वीज मोजतो. न घेतलेली वीज कोणत्याही मीटरवर उमटत नाही. ती एका वजाबाकीतून निघते आणि त्या वजाबाकीतली वरची संख्या काल्पनिक असते. बोलावणे आले नसते तर या ग्राहकाने किती वीज घेतली असती, त्या अंदाजाला ‘बेसलाइन’ म्हणतात. समजा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्यांचा एक पोलाद कारखाना आहे. त्याची काँट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वितरण कंपनीने मंजूर केलेली कमाल मागणी, ५,००० केव्हीए, संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत तो साधारण ४,००० किलोवॅट घेतो आणि ‘१,००० किलोवॅट कमी करीन’ असा करार त्याने केला आहे. एका दिवशी बोलावणे येते. त्या दिवशी मोठ्या ऑर्डरमुळे भार ४,६०० वर गेलेला असतो. मालक एक भट्टी थांबवतो आणि भार ३,६०० वर आणतो. मागच्या दहा दिवसांची सरासरी ४,००० धरली, तर त्याने फक्त ४०० कमी केले आणि वचन मोडले. त्या दिवशीच्या सकाळच्या भारावरून बेसलाइन वर सरकवली, तर त्याने पुरे १,००० कमी केले. दुसऱ्या एका दिवशी एका भट्टीचे लायनिंग, म्हणजे आतले अस्तर, बदलायचे काम चालू असल्याने भार मुळातच ३,००० असतो. मालक बोटसुद्धा हलवत नाही आणि सरासरीच्या हिशेबाने वचन तंतोतंत पाळले जाते. कारखाना तोच आणि करारातले वाक्यही तेच. निकाल ठरवते ती बेसलाइनची व्याख्या, जी बहुतेक वेळा मागच्या परिशिष्टात बारीक टायपात असते.

ही नुसती तर्काची कसरत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात रमफर्ड नावाच्या गावी कागदाची गिरणी आहे. स्वतःला लागणारी बरीचशी वीज ती आवारातच तयार करत असे. २००७ मध्ये ती न्यू इंग्लंडच्या वीजबाजारातल्या भार कमी करण्याच्या योजनेत शिरली. योजनेत सुरुवातीच्या पाच दिवसांवरून बेसलाइन ठरत होती. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाच्या चौकशीनुसार, त्या दिवसांत गिरणीने आपली वीजनिर्मिती कमी केली, बाहेरून नेहमीपेक्षा जास्त वीज घेतली आणि बेसलाइन उंच करून घेतली. मग आपले जनरेटर नेहमीसारखे चालू केले. ग्रिडवरचा भार रोजच्या पातळीवर आला आणि कागदावर ‘घट’ दिसू लागली. पुढची गोम आणखी बारीक होती. ज्या दिवशी ग्राहकाची बोली स्वीकारली जाई, तो दिवस बेसलाइनच्या सरासरीत धरत नसत. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, कारण घट केलेला दिवस धरला तर सरासरी विनाकारण खाली येते. परंतु रोज कमी भावाने बोली लावली की ती रोज स्वीकारली जाते, एकही दिवस सरासरीत येत नाही आणि फुगवलेली बेसलाइन आहे तिथेच गोठते. २०१३ मध्ये गिरणीने १ कोटी डॉलर दंड भरण्याचे आणि मिळालेले सुमारे २८ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. पुण्याच्या कारखान्यांनी तूट भरून काढायला जनरेटर चालवले होते; रमफर्डमध्ये घट दाखवण्यासाठी जनरेटर आधी थांबवले गेले. यंत्रे एकाच जातीची, म्हणून कुंपणाआतल्या निर्मितीचे काय धरायचे हे करारात शब्दशः लिहिलेले नसेल, तर दोन्ही गोष्टी मीटरवर सारख्याच दिसतात.

कोणी म्हणेल, लबाडीवरून नियम करू नयेत. म्हणून जिथे लबाडीचा संबंधच नव्हता असा एक वाद सांगतो. माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा वाद तोच आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील १३ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांची ग्रिड ‘पीजेएम’ ही संस्था सांभाळते. तिथे क्षमतेचा वेगळा बाजार आहे. पुढच्या वर्षांसाठी मेगावॅट आधीच खरेदी करून ठेवतात आणि त्याचा भाव दर मेगावॅटला दर दिवसाचा असतो. कोणत्या ग्राहकाच्या वाट्याला किती क्षमतेचा खर्च येईल, हे मागच्या उन्हाळ्यातल्या सर्वाधिक मागणीच्या पाच दिवसांतल्या शिखर तासांत त्याने किती वीज घेतली यावरून ठरते. क्षमता विकायच्या ग्राहकाला दोन पर्याय होते. एक, ठरलेल्या पातळीच्या खाली येऊन थांबायचे. दुसरा, ठरलेल्या आकड्याइतकी घट करून दाखवायची. भांडण झाले ते दुसऱ्यावर. समजा, एखाद्या ग्राहकाचा शिखर तासांतला वाटा १० मेगावॅट आहे. बोलावण्याच्या दिवशी तो १४ वर चाललेला असतो आणि ४ कमी करून १० वर येतो. एनरनॉकसारख्या, अनेक ग्राहकांची घट एकत्र करून विकणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे होते की ४ मेगावॅट खरोखर कमी झाले, त्याचे पैसे मिळायला हवेत. पीजेएमचे म्हणणे होते की या ग्राहकासाठी आम्ही क्षमताच १० मेगावॅटची घेतली होती. तो १० वर आला म्हणजे आमची गरज तसूभरही कमी झाली नाही, मग हे ४ आम्ही दुसऱ्या वीजकेंद्राऐवजी मोजायचे कसे? एकच मेगावॅट दोनदा धरला जातोय, असा पीजेएमचा आक्षेप होता. नोव्हेंबर २०११ मध्ये संघीय आयोगाने पीजेएमची बाजू मान्य केली.

दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, म्हणूनच या वादातून प्रश्नाचे मूळ दिसते. घट खरी होती, हे एनरनॉकचे म्हणणे बरोबरच होते. पण ऊर्जा आणि क्षमता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आज संध्याकाळी सात वाजता इंधन वाचले, बाजारातून महाग वीज घ्यावी लागली नाही, हा ऊर्जेचा हिशेब. त्याला बेसलाइन लागणारच आणि ती कितीही अपुरी असली तरी तिच्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्या वर्षी नवे केंद्र उभारायची किंवा करार करून ठेवायची गरज किती कमी झाली, हा क्षमतेचा हिशेब. नियोजन करणाऱ्याला त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी असते: सगळ्यांत वाईट तासाला हा ग्राहक जास्तीत जास्त किती घेईल? याचे उत्तर थेट मीटरवर वाचता येते. कमाल पातळी ३,००० लिहिली असेल आणि मीटरने ३,०४० दाखवले, तर वचन मोडले. त्यात ‘एरवी किती घेतली असती’ हा प्रश्नच येत नाही. पीजेएमच्या व्यवस्थेतली दुसरी एक गोष्ट मला याहून मोलाची वाटते. ज्या आकड्यावरून ग्राहकाकडून क्षमतेचे पैसे घेतले जातात, त्याच आकड्यापासून त्याने विकलेली क्षमता मोजली जाते. तो आकडा फुगवावा तर बिल वाढते. बिल कमी करावे तर विकायला कमी उरते. प्रामाणिकपणासाठी वेगळा तपासनीस ठेवावा लागत नाही. रमफर्डमध्ये नेमके हेच नव्हते. तिथली बेसलाइन फक्त मिळकतीच्या बाजूला होती.

महाराष्ट्रात हे जोडकाम करायला लागणारे साहित्य आधीच हाताशी आहे. उच्चदाब ग्राहकाच्या टीओडी (वेळेनुसार वापर नोंदणाऱ्या) मीटरवर दर पंधरा मिनिटांची मागणी नोंदली जाते आणि बिलात डिमांड चार्ज असतो. पण इथे एक मोह आहे आणि तो टाळायला हवा. काँट्रॅक्ट डिमांड हा आकडा तयार असतो, दोन्ही पक्षांनी सह्या केलेला असतो, म्हणून तोच संदर्भ धरावा असे कोणालाही वाटेल. आपल्या जालन्याच्या कारखान्याची काँट्रॅक्ट डिमांड ५,००० केव्हीए आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी तो ४,००० किलोवॅट घेतो. काँट्रॅक्ट डिमांडवरून मोजले तर तो काहीही न थांबवता जवळजवळ १,००० ची हवा विकू शकेल, कारण कारखानदार पुढच्या वाढीसाठी, नव्या यंत्रासाठी किंवा मर्यादा ओलांडून दंड बसू नये म्हणून मंजुरी नेहमी थोडी जास्तच घेऊन ठेवतो. महिन्याची कमाल मागणीही चालणार नाही, कारण ती पहाटे किंवा दुपारी पडलेली असू शकते. दुपारी सौरऊर्जेमुळे वीज स्वस्त आणि मुबलक असते. अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. संदर्भ हवा तो राज्याच्या शिखर वेळेतला, मीटरवर नोंदलेला आणि बिलाशी बांधलेला. एककसुद्धा नीट लिहायला हवे. आपले बिल केव्हीएचे, वीजकेंद्राची क्षमता मेगावॅटची. पॉवर फॅक्टर कमी असलेल्या कारखान्याने कपॅसिटर बँक बसवली तर त्याचे केव्हीए घटतात. ते चांगलेच आहे, वाहिन्यांवरचा ताण त्याने हलका होतो. पण यंत्रे तेवढीच फिरत असतात आणि केंद्राला किलोवॅट जवळपास तेवढेच द्यावे लागतात.

आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची, आणि दाभोळ इथे पुन्हा आठवते. भट्टीत पोलाद वितळवण्याच्या एका फेरीला कारखान्यात ‘हीट’ म्हणतात. हीट अर्ध्यावर असताना दहा मिनिटांच्या सूचनेवर भट्टी थांबवली, तर आतला रस थंड होऊन घट्ट धरतो आणि लायनिंगचे नुकसान होते. दोन तास आधी सांगितले तर चालू हीट ओतून होते आणि पुढची भरायचीच नाही, असे ठरवता येते. म्हणजे तोच कारखाना दोन तासांच्या सूचनेवर १,००० किलोवॅटचा पुरवठादार आहे आणि दहा मिनिटांच्या सूचनेवर कदाचित शून्याचा. तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची गोष्ट उलटी. तिथला कॉम्प्रेसर एका क्षणात बंद करता येतो, दारे बंद असली तर गारवा काही वेळ टिकतो, पण मग तापमान चढू लागते आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला की गमावलेला गारवा भरून काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ पूर्ण भाराने चालतो. शिखर रात्री नऊपर्यंत असेल आणि कोल्ड स्टोरेजचा करार आठला संपत असेल, तर शेवटच्या तासाला त्याने ग्रिडचे ओझे वाढवलेच. सूचना किती वेळ आधी, सलग किती तास, वर्षातून किती वेळा, कोणत्या महिन्यांत आणि संपल्यानंतरच्या तासांचे काय, हे सगळे क्षमतेच्या व्याख्येत यायला हवे. त्याशिवाय ‘१,००० किलोवॅट’ हा अर्धवट आकडा आहे. पीजेएममध्ये एके काळी सर्वाधिक चालणारा करार उन्हाळ्यातल्या दहा बोलावण्यांचा आणि प्रत्येकी फार तर सहा तासांचा होता. जानेवारी २०१४ मध्ये ध्रुवीय थंडीची लाट आली, मागणी हिवाळ्यात उसळली, आणि उन्हाळ्यापुरता करार केलेल्या ग्राहकांवर तेव्हा कोणतेच बंधन नव्हते. करार कोणी मोडला नव्हता. क्षमतेच्या व्याख्येत फक्त हिवाळा नव्हता.

त्याच लाटेचा दाखला माझ्याविरुद्धही देता येतो आणि तो वजनदार आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी पीजेएमच्या निर्मितीक्षमतेपैकी सुमारे २२ टक्के संच बिघाडाने किंवा इंधनाअभावी बंद होते. वीजकेंद्रेच इतकी दगा देतात, तर बिचाऱ्या ग्राहकाकडून पै-पैचा हिशेब कशाला, असा तो आक्षेप. उत्तर असे की त्यानंतर पीजेएमने केंद्रांवरचेच नियम कडक केले आणि दोघांना एकच माप लावण्याची दिशा धरली. आपल्याकडेही औष्णिक केंद्राला पूर्ण स्थिर आकार मिळतो तो घोषित उपलब्धता साधारण ८५ टक्के गाठली तरच, आणि भार प्रेषण केंद्राने सांगितले तर घोषित केलेली क्षमता चालवून दाखवावी लागते. ग्राहकालाही वर्षातून एकदा तशीच चाचणी द्यायला सांगणे अन्यायाचे नाही. यातूनच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळते. लायनिंगसाठी भट्टी बंद असताना कमाल पातळीच्या करारातही काहीही न करता पैसे मिळतातच की! मिळतात आणि मिळायला हवेत, कारण औष्णिक केंद्रालाही स्थिर आकार वीज मागितली नाही तरी मिळतो. घेतले जाते ते आश्वासन. मात्र कारखान्याने एक भट्टी कायमची काढून टाकली असेल, तर संदर्भाचा आकडा दरवर्षी नव्याने ठरल्यामुळे पुढच्या वर्षी तो आपोआप खाली येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. ज्या कारखान्याचा धंदा वाढतो आहे, त्याला कमाल पातळी जाचक होईल. ४,६०० वरून ३,६०० वर येण्याचे कष्ट घेऊनही तो नापास ठरेल. हे कठीण आहे, पण यावरचा उपाय व्याख्या सैल करण्यात नाही. पातळी कारखान्यानेच निवडायची, दर तिमाहीला बदलायची मुभा द्यायची, आणि ६०० किलोवॅट हुकले तर दंड त्या ६०० च्या प्रमाणात लावायचा, सगळा मोबदला काढून घ्यायचा नाही. आयोगाने सुरुवातीच्या काळात दंड हलका ठेवला तर माझी हरकत नाही. पण ४,६०० मधून झालेल्या घटीला क्षमता म्हटले, तर वितरण कंपनी तेवढ्या मेगावॅटचा दुसरा करार करणार नाही आणि सात वाजता ते नसतील. ती किंमत मग विरारच्या भाडेकरूपासून परभणीच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे भरतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये वीज न घेण्याचा मोबदला घाऊक बाजारात देण्याचा संघीय आयोगाचा अधिकार मान्य केला, त्यामुळे असा मोबदला द्यावा की नाही हा प्रश्न तिथे मिटला. नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न कोणत्याच न्यायालयाच्या निकालाने मिटणारा नाही. तो करारातच सोडवावा लागतो.

घरगुती ग्राहकांच्या बाबतीत माझा आग्रह टिकत नाही, हे मान्य करायला हवे. ठाण्यातल्या हजार फ्लॅटमधले एसी संध्याकाळी वीस मिनिटे मंद केले, तर प्रत्येक घराला कमाल पातळी ठरवून देणे हास्यास्पद होईल. कोणाकडे पाहुणे आलेले असतील, कोणाच्या घरी आजारी माणूस असेल. तिथे घट संख्याशास्त्रानेच मोजावी लागेल: एसी मंद केलेली घरे आणि तसे न केलेली तशीच घरे यांची तुलना करून. फक्त त्या मापाला क्षमता म्हणू नये, ‘अपेक्षित घट’ म्हणावे, आणि नियोजनात ती पुऱ्या वजनाने धरू नये.

मग जालन्याच्या त्या कारखान्याचा करार कसा लिहावा? माझ्या मते काहीसा असा: ‘संदर्भ मागणी म्हणजे मागील वर्षी राज्याच्या सर्वाधिक मागणीच्या ठरलेल्या तासांत या मीटरवर नोंदलेल्या किलोवॅटची सरासरी, डिमांड चार्जची आकारणी याच आकड्यावरून होईल. क्षमता म्हणजे संदर्भ मागणी वजा ग्राहकाने निवडलेली कमाल पातळी. किमान दोन तास आधी लेखी सूचना मिळाल्यावर, संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत, पंधरा मिनिटांच्या कोणत्याही खंडात ग्राहकाचा ग्रिडवरील निव्वळ भार त्या पातळीच्या वर जाणार नाही.’ ‘निव्वळ’ या शब्दामुळे कुंपणाआतले जनरेटर आणि छतावरची सौरऊर्जा दोन्ही हिशेबात येतात. ‘कोणत्याही खंडात’ म्हटल्याने चार तासांची सरासरी काढून मधला उंचवटा झाकता येत नाही. आणि एक ओळ कोल्ड स्टोरेजसाठी जोडावी लागेल: सूचनेची मुदत संपल्यानंतरच्या दोन तासांतही भार संदर्भ मागणीच्या वर जाणार नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे ते आकडे ग्राहकाला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या फोनवर दिसले पाहिजेत, कारण तीन महिन्यांनी बिलातून कळलेली चूक पुढच्या बोलावण्याच्या आत त्याला सुधारता येत नाही.